मुक्काम खडकवहाळ

एकलहरे
२ जून १९९७

श्री. चंदरराव यांस,
निवृत्तीचा सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्याकडून निघताना सरिताने दिलेले तांदूळ पोचले. सौ. मीनाने त्याच दिवशी भात लावला आणि तुमच्या बहिणीला जे सासर मिळालं ते चांगलं मिळालं, असं मला पुन्हा एकदा म्हणाली. मीही मान डोलावली. पण आता भांडणाचं लिहितो.

तुम्ही अंगणात दोरीवर शर्ट टाकलात तेव्हा खिशातलं लायसन्स खाली पडलं. मी ते उचललं आणि वाचलं. सवय वाईट आहे. इथे वीज केंद्राच्या गेटवर राखेच्या गाड्या येतात, त्यांच्या ड्रायव्हरांची लायसन्सं बघण्यातच माझा दिवस जातो. तुमच्या लायसन्सवर अजून 'मु. खडकवहाळ, ता. इगतपुरी' आहे. चंदरराव, खडकवहाळ धरणात जाऊन वर्ष होत आलं. त्या पत्त्यावर आता मासे राहतात.

राहायची जागा बदलली की आरटीओत जाऊन लायसन्सवरचा पत्ता बदलून घ्यायचा असतो. आमच्याकडे धनराज म्हणून ड्रायव्हर आहे. सिन्नरच्या रस्त्याला तो चक्कर येऊन पडला. लोकांनी लायसन्स बघून निरोप धाडला, तो त्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर. बायको चार गल्ल्या सोडून राहत होती, तिला दुसऱ्या दिवशी कळलं. धनराज वाचला म्हणून आम्ही आज हसतो. तुम्ही तर बदली ड्रायव्हर. आज या मालकाची गाडी, उद्या त्याची. मालकाला तुमचं नावसुद्धा धड ठाऊक नसतं. रस्त्यावर तुमची ओळख काय ती त्या लायसन्सात.

येत्या सोमवारी मी रजा टाकतो. रेशनकार्ड नव्या वसाहतीतल्या प्लॉटचं झालंच आहे. ते आणि दोन फोटो घेऊन या, खिडकीवर मी उभा राहतो. पाव्हण्याला कामाला लावलं म्हणून गावभर बोंब मारलीत तरी चालेल.

तुमचा
निवृत्ती


खडकवहाळ
१३ जून १९९७

निवृत्तीभाऊंना चंदरचा नमस्कार.

सोमवारी आलो नाही, रागावला असाल. तुमचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं, झाकण उचललं की खाली बसतो, म्हणून मीही बिनधास्त राहिलो.

आमच्या गावचे म्होरके झिपरू बाबा, त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलंय. जमिनीच्या बदल्यात जमीन हातात पडत नाही तोवर एकाही कागदावरचा पत्ता कुणी बदलायचा नाही. रेशनकार्ड बदललं हेच चुकलं म्हणतात, पण धान्य तर घ्यायला हवं. सरकारी माणूस विचारायला आला तर उत्तर एकच, आम्ही खडकवहाळला राहतो. त्यात धरणाच्या भिंतीवर धरणं धरलं तेव्हा पोलिसांनी आमची नावं लिहून घेतली आहेत, माझंही आहे. म्हणून कुणी कुणाचं नाव सांगायचं नाही, घर दाखवायचं नाही, असं ठरलंय.

तुम्ही म्हणाल, बुडालेल्या घरांची यादी कलेक्टर कचेरीत आहे, तिच्याशी लायसन्सचा काय संबंध. नसेल. पण भाऊ, खरं सांगतो. माझा जन्म तिथला, बाप तिथं गेला, लग्नाची वरात तिथं आली. आता नकाशातही नाव नाही. माझ्या खिशात तेवढं शिल्लक आहे आणि मी स्वतःच्या हाताने खिडकीवर जाऊन ते खोडून घ्यायचं, हे मला जमणार नाही. वाईट वाटतं.

आणि रस्त्यावरचे पोलीस लायसन्सवर फोटो बघतात आणि लायसन्सखालची नोट बघतात. माझा पत्ता आजवर कुणी वाचला असेल तर तो तुम्हीच. पोस्टमनही मला ओळखतो. तुमचं पत्र बरोबर आलं की.

सरिताला धनराजची गोष्ट सांगू नका. मी निघालो की ती उगाच दारात उभी राहील.

तुमचा
चंदर


खडकवहाळ
४ फेब्रुवारी १९९८

ती. दादास सरिताचा साष्टांग नमस्कार.

वहिनीचं पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा थंडीत धरला होता, आता त्या अंगणात येऊन बसतात.

परवा गंमत झाली. तालुक्याहून एक पोलीस आला, म्हातारासा, सायकल ढकलत. खडकवहाळची माणसं कुठं राहतात म्हणून रस्त्यात विचारत विचारत आमच्या दारात पोचला. मी पाणी दिलं, चहाही दिला. मग त्याने खिशातून कागद काढला.

"चंदर बहिरू गांगड कोण?"

मला वाटलं, धरण्याची केस उघडली असणार, न्यायला आला असणार. पण बाबांनी शिकवलेलं तोंडपाठ होतं.

"ते इथं नाय राहत. खडकवहाळला राहत्यात."

"खडकवहाळ तं पाण्यात गेलं ना, बाई."

"मंग तिकडंच जाऊन बघा."

मी यांची कोण असं त्याने विचारलं, मी शेजारीण म्हटलं. काय काम आहे ते त्याने सांगितलं नाही, घरच्यांनाच सांगायचंय म्हणाला. पुन्हा एकदा विचारलं, नक्की का. मी नक्की म्हटलं. कागदाची घडी घालून गेला बिचारा.

संध्याकाळी सगळी वसाहत आमच्या अंगणात जमली. शेजारचा बुधा म्हणाला, पोलीस आता होडी घेऊन चंदरला हुडकत असेल. एवढे हसलो दादा, सासूबाईसुद्धा हसल्या. गाव सोडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. झिपरू बाबांनी मला शाबास म्हटलं.

हे आले की सांगायचंय त्यांना. द्राक्षाची गाडी घेऊन बदलीवर गुजरातकडे गेलेत. एव्हाना यायला हवे होते, पण हंगामात एक गाडी रिकामी झाली की दुसरी मिळते आणि माणूस तिकडेच राहतो. तुझ्याकडे डोकावले तर म्हणावं, बायको पोलिसाला पुरून उरली.

तुझी
सरिता


एकलहरे
९ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. सरितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मीनाने हसत हसत वाचून दाखवलं. मला हसू आलं नाही.

धरण्याच्या केससाठी पोलीस एकटा सायकल ढकलत येत नाही. गाडीतून येतात आणि सगळ्यांची नावं विचारतात. या माणसाने एकट्या चंदररावांचं विचारलं, तेही बापाच्या नावासकट. तसं नाव लायसन्सवर असतं. कागद कुठून आला होता, कुणी पाठवला होता, काहीच कळलं नाही का? आणि घरच्यांनाच सांगायचंय म्हणाला, म्हणजे काय सांगायचं होतं?

माझा स्वभाव तुला माहीत आहे, साप म्हणून भुई धोपटणारा. लहानपणी तू विहिरीवर गेलीस की मी मागून यायचो आणि तू चिडायचीस. तशीच आताही चीड, मला चालेल. पण चंदरराव आले असतील तर ताबडतोब एक कार्ड टाक. आले नसतील तर बुधाला सोबत घेऊन तालुक्याच्या ठाण्यावर जा आणि मी त्यांची बायको आहे असं सांग. मी नाशकात ट्रक थांब्यावर विचारतो, त्यांना बदलीवर कुणी नेलं ते.

निवृत्ती


खडकवहाळ
१६ फेब्रुवारी १९९८

ती. दादास सरिताचा नमस्कार.

हे आलेले नाहीत.

तुझं पत्र मिळाल्याबरोबर मी ठाण्यावर निघाले होते. साडी बदलली होती, बुधाही तयार होता. झिपरू बाबा आडवे आले. म्हणाले, आपल्या पायाने वाघाच्या तोंडात कशाला जातेस, तू गेलीस की ते तुला बसवून ठेवतील आणि चंदर आपोआप हजर होईल, त्यांचा डावच तो आहे. मागच्या वेळी भिंतीवरून बायकांनासुद्धा उचललं होतं. सासूबाई रडायला लागल्या. मी साडी सोडून ठेवली.

बाबांचं खरं मानावं की तुझं, मला कळत नाही. ते म्हणतात चंदरला कुणीतरी खबर दिली असेल म्हणून तो तिकडेच लपलाय. हे असे न सांगता लपणारे नाहीत. निदान चिठ्ठी तरी धाडतील.

दादा, त्या पोलिसाला मी हाकलून लावलं, ते चुकलं का? तू एवढे प्रश्नावर प्रश्न लिहिलेस तेव्हापासून मला त्याचा चेहरा दिसतो. चहा पिताना तो माझ्याकडे वर बघत नव्हता. मला खूप भीती वाटते. तू शोध लाव.

सरिता


२४ फेब्रुवारी १९९८

सौ. मीनास,

पेठच्या पुढे घाट उतरून गुजरातच्या हद्दीत येऊन मला दोन दिवस झाले. उद्या परवा निघतो. त्याआधी हे लिहितो, कारण घरी येऊन तोंडाने सांगणं मला जमणार नाही.

चंदरराव गेले.

घाटात गाडी उलटली. मालक इकडचा. पोलिसांनी विचारलं तर तो म्हणाला, बदली माणूस होता, थांब्यावरून उचलला, नाव ठाऊक नाही. मग लायसन्स पाहिलं. त्यावरून आपल्या तालुक्याला निरोप गेला की अमुक माणूस दवाखान्यात आहे, नातेवाइकांना कळवा. तिकडून उत्तर आलं की गाव पाण्याखाली आहे, गावची माणसं विचारल्यावर तो तिथेच राहतो असं सांगतात, नातेवाईक मिळून आले नाहीत.

मीना, ते तेव्हा जिवंत होते. त्या उत्तरानंतरही बरेच दिवस जिवंत होते. डोक्याला मार होता, मधूनच शुद्ध यायची. इथं दवाखान्यात भागीबाई नावाची आया आहे, पेठकडची, तिने मला खाट दाखवली. ती म्हणाली, "गाव इचारला का खडकवहाळच सांगं. बायको येईल म्हणं. दाराकडं तोंड करून निजं." नवी वसाहत त्यांच्या तोंडून एकदाही निघाली नाही. निघाली असती तर एसटीने एका दिवसाची वाट होती.

गेल्यावर यांनी ठेवता आलं तेवढं ठेवलं आणि मग बेवारस म्हणून अग्नी दिला. मी पोचलो ते वरातीमागून घोडं. इथं कुणी काही वाईट केलं नाही, सगळे चांगलं बोलले. मला कुणावर तरी ओरडायचं होतं, कुणी सापडलं नाही.

आता माझं ऐक. चंदरराव गेले हे सरिताला सांगावंच लागेल. पण पोलीस दारात बसून चहा पीत होता तेव्हा तिचा नवरा तिची वाट बघत होता, हे तिला कधीही कळता कामा नये. हे तू आणि मी. तिसरा कान नाही.

निवृत्ती


एकलहरे
२७ फेब्रुवारी १९९८

चि. सरितास आशीर्वाद.

ट्रक थांब्यावर आणि पुढे गुजरातच्या बाजूला जाऊन आलो. शोध लागत आला आहे. काही गोष्टी अजून नक्की व्हायच्या आहेत, म्हणून पत्रात जास्त लिहीत नाही. पुढच्या रविवारी, आठ तारखेला, मी आणि मीना दोघे येतो. त्याआधी मला रजा मिळत नाही. तोवर सासूबाईंशी काही बोलू नकोस आणि झिपरू बाबांच्या नादी लागू नकोस. वेळेवर जेव.

निवृत्ती


खडकवहाळ
२ मार्च १९९८

दादा,

तुझं पत्र दुपारी आलं. पोस्टमन समोर असतानाच उघडलं.

माझं लग्न झाल्यापासून तू मला चि. सौ. लिहीत आलास. कांद्याच्या रोपावरून आपलं भांडण झालं होतं, तेव्हा रागाने चारच ओळी धाडल्यास, त्यातही चि. सौ. होतं. या वेळी नुसतं चि. सरितास. तुला ते अक्षर लिहिता आलं नाही. पुढचं मी वाचलंच नाही. मग वाचलं, तर त्यात काही नव्हतं.

मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. मंगळसूत्र गळ्यात ठेवलंय, कुंकूही लावते. काढलं की त्यांना कळेल, आणि रविवारपर्यंत त्यांना मुलगा असू दे. त्या आजही दळण निवडताना म्हणाल्या, चंदर आला की त्याला नाचणीची भाकर नको, तांदळाची कर. मी हो म्हटलं.

मला एकच विचारायचंय. तो पोलीस आला तेव्हा हे जिवंत होते का?

रविवारी मी विचारणार नाही. घरात माणसं भरलेली असतील. शिवाय समोरासमोर तुला खोटं बोलता येत नाही. म्हणून पत्रानेच उत्तर दे.

सरिता


एकलहरे
५ मार्च १९९८

चि. सरिता,

नाही.

चंदरराव जागीच गेले. घाटात गाडी उलटली आणि त्याच घडीला सगळं संपलं. दवाखान्यात नेलं ते नुसतं नेमाप्रमाणे. पोलीस तुझ्याकडे आला तो त्यानंतर. तू त्याला घरात बसवून सगळं खरं सांगितलं असतंस तरी तुला तेव्हा निरोप मिळाला असता आणि आज मिळाला, एवढाच फरक. माझ्यावर विश्वास ठेव. मी तिथल्या माणसांशी स्वतः बोललो आहे.

त्यांना काही कळलं नाही. दुखलं नाही. कुणाची वाट पाहावी लागली नाही.

मला फार वाईट वाटतं, सरिता. मी त्यांना खिडकीवर ओढत न्यायला हवं होतं. तुझ्या नावाआधी आता जे लिहायचा रिवाज आहे ते गं. भा. मी लिहिणार नाही, मी असेपर्यंत तू माझी नुसती सरिता. त्यांचं लायसन्स तुला आणून देतो. मृत्यूचा दाखला माझ्याकडेच राहू दे, कचेऱ्यांची कामं मी बघतो.

रविवारी पहिल्या एसटीने निघतो.

तुझा
दादा


प्लॉट नं. १७, पुनर्वसन वसाहत
१२ ऑक्टोबर १९९८

ती. दादास सरिताचा नमस्कार.

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. दिवसकार्याला तू आणि वहिनी राहिलात, सासूबाईंची समजूत घातलीत, ते सगळं लक्षात आहे. मी तेव्हा तुझ्याशी धड बोलले नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझं ते पत्र मी जपून ठेवलंय. तू लिहिलंस तसंच मी सगळ्यांना सांगते, जागीच गेले. सासूबाईंनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, हाल झाले नाहीत, देवाने एवढं तरी केलं. आता त्या आल्यागेल्याला हेच सांगतात आणि सांगून झालं की जरा शांत बसतात. तू लिहिलंस म्हणजे तसंच असणार.

मृत्यूचा दाखला तुझ्याकडेच असू दे. मला तो बघायचा नाही. झिपरू बाबा मागत होते. त्यावर राहणार खडकवहाळ असं असेल, धरण भरल्यानंतरही माणूस तिथला होता याला सरकारी शिक्का मिळाला, आपल्या दाव्याला उपयोगी पडेल म्हणाले. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पोरी, मी गावासाठीच सांगत होतो. मला त्यांचा राग आला नाही. म्हाताऱ्याला दुसरं काय उरलंय? पण दाखला मिळणार नाही, असं पुन्हा सांगितलं.

वसाहतीत ड्रायव्हर तिघे. तिघांनीही लायसन्सवरचा पत्ता बदलून घेतला. बुधा तयार नव्हता, बाबांना काय तोंड दाखवू म्हणत होता. मी सकाळी त्याच्या दारात जाऊन बसले. त्याच्या बायकोने चहा आणला, मी घेतला नाही. तो रेशनकार्ड घेऊन नाशिकच्या एसटीत बसला तेव्हा उठले. ही बाई नवरा गेल्यापासून बिथरली असं लोक म्हणतात. म्हणू देत.

एक सवय मात्र लागली आहे, ती जात नाही. दारात कुणी अनोळखी माणूस आला, भांडीवाला असो नाहीतर मतदारयादीवाला, मी त्याला बोलूच देत नाही. आधी मीच सांगते, मी सरिता, चंदर गांगडची बायको, मी इथंच राहते. मग विचारते, कोण माझी वाट बघतंय.

तुझी
सरिता